जलपर्णी आणि गाजर गवत खाणारे भुंगेरे सुरतेत वेगळे, खान्देशात वेगळे का वागतात? सगळा खेळ तापमानाचा

फेब्रुवारी संपत आला की सुरतेत रांदेर-सिंगणपोर कॉजवेच्या वरच्या अंगाला तापीचं पाणी दिसेनासं होतं. दिसते ती हिरवीगार जलपर्णी. तिकडे तिला जळकुंभी म्हणतात. उधना, लिंबायत, पांडेसऱ्यात राहणाऱ्या आपल्या खान्देशी माणसांना हे दृश्य नवं नाही. महापालिकेची मशीन येतात, जलपर्णी ओढून काठावर टाकतात आणि काही आठवड्यांत पाणी पुन्हा हिरवं होतं. याच साठलेल्या पाण्यातून शहराला पिण्याचं पाणी मिळतं, त्यामुळे हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही.

इकडे नवापूर, नंदुरबार, शहादा, धुळे पट्ट्यात बांधावर, रस्त्याकडेला, पडीक जागेत गाजर गवत उभं असतं. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं, कुणी पांढरफुली. अंगाला खाज, धाप, जनावरांच्या दुधाला कडवटपणा, हा त्याचा त्रास सगळ्यांना ठाऊक आहे.

या दोन्ही तणांना खाणारे कीटक आपल्या देशात चाळीस वर्षांपासून आहेत. तरीही "भुंगेरे सोडले होते, पण काही उपयोग झाला नाही" ही तक्रार वारंवार ऐकू येते. त्यात पुष्कळदा दोष कीटकाचा नसतो, सोडण्याच्या वेळेचा असतो.

थोडक्यात

- कीटकाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. बाहेर जितकं तापमान, तितकाच त्याचा वेग.
- जलपर्णी आणि गाजर गवतावरच्या भुंगेऱ्यांना साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस मानवतं. त्याखाली काम मंदावतं, त्याच्या फार वर गेलं तर अंडी आणि अळ्या मरतात.
- सुरतेला समुद्राची सावली आहे, खान्देशाला नाही. म्हणून एकाच नदीच्या काठी दोन वेगळी वेळापत्रकं लागतात.
- चुकीच्या महिन्यात सोडलेले हजार भुंगेरे वाया जातात, योग्य महिन्यात सोडलेले काही शे पुरतात.

हे कीटक आले कुठून?

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. तिच्यावर जगणारे 'निओचेटिना' जातीचे दोन सोंड्या भुंगेरेही तिकडचेच. धान्यात सोंडे होतात त्यांच्याच कुळातले. १९८२-८३ मध्ये ते भारतात आणले गेले आणि बंगळूरला तपासणी करून तिथल्या तलावांत सोडले गेले. दोन-तीन वर्षांत काही तलाव मोकळे झाले. पुढे मणिपूरच्या लोकटाक सरोवरातही त्यांनी काम केलं.

गाजर गवत मूळचं मेक्सिको आणि त्या आसपासचं. आपल्या देशात ते पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नजरेत आलं आणि मग देशभर पसरलं. त्याचा शत्रू म्हणजे 'झायगोग्रामा', आपल्याकडे मेक्सिकन भुंगा या नावाने ओळखला जाणारा, पिवळसर अंगावर तपकिरी रेघा असलेला छोटा भुंगेरा. १९८३ मध्ये तो मेक्सिकोहून बंगळूरला आणला आणि १९८४ मध्ये मोकळा सोडला. भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतले के. पी. जयंत हे या कामातलं महत्त्वाचं नाव. हा भुंगा पुढे स्वतःहून पसरत नेपाळ आणि पाकिस्तानपर्यंत पोचला.

त्याआधीचं उदाहरण जुन्या माणसांनी वाडवडिलांकडून ऐकलं असेल. फड्या निवडुंगाने शेतंच्या शेतं अडवली होती. १९२६ मध्ये पांढऱ्या कापसासारखी दिसणारी एक कीड श्रीलंकेतून आणली गेली आणि तिने तो निवडुंग वाळवला. त्या किडीला कोरडी, उबदार हवा मानवते, मुसळधार पावसात ती धुऊन जाते. गाजर गवताच्या भुंग्याचं नेमकं उलट, त्याला पावसाळाच हवा. म्हणून "जैविक कीटक कधी सोडायचे?" या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. कीटक बदलला की उत्तर बदलतं.

दही लावण्यासारखं आहे

हिवाळ्यात दही लागायला वेळ लागतो, उन्हाळ्यात लवकर लागतं. पण दूध फारच गरम असताना विरजण टाकलं तर ते मरतं आणि दही लागतच नाही. कीटकाचंही तसंच. थंडीत अंडं उबायला उशीर, अळी वाढायला उशीर. ऊब वाढली की काम भरभर. आणि एका मर्यादेपलीकडे उष्णता गेली की नुकसान.

शास्त्रज्ञ हे 'उष्णता एकका'त मोजतात. दिवसाच्या कमाल आणि किमान तापमानाची सरासरी काढायची आणि त्यातून कीटकाची वाढ ज्या तापमानाला थांबते तो आकडा वजा करायचा. उरलं ते त्या दिवसाचं उष्णता एकक. ठरावीक एककं जमली की अंड्याचा भुंगेरा होतो.

समजण्यासाठी एक हिशेब करू. समजा एखाद्या कीटकाची वाढ १० अंशाला थांबते आणि अंड्यापासून भुंगेरा व्हायला त्याला १००० एककं लागतात. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण चित्र खरं आहे.

- जानेवारी, सुरत: कमाल ३१, किमान १५. सरासरी २३. रोज १३ एककं. पिढी पुरी व्हायला सुमारे ७७ दिवस.
- जानेवारी, धुळे: कमाल २९, किमान ११. सरासरी २०. रोज १० एककं. पिढीला १०० दिवस.
- पावसाळ्यात, दोन्हीकडे: कमाल ३२, किमान २५. सरासरी २८.५. रोज १८.५ एककं. पिढीला सुमारे ५४ दिवस.

सुरत आणि धुळ्यात हिवाळ्यात एका पिढीमागे तेवीस दिवसांचा फरक पडला. धुळ्याचा पारा तर काही वर्षी डिसेंबर-जानेवारीत ६ अंशांच्याही खाली जातो. त्या रात्रींना कीटक नुसता तग धरून बसतो.

आता मे महिना घ्या. सुरतेत समुद्राच्या वाऱ्यामुळे कमाल तापमान साधारण ३६ च्या आसपास राहतं. नंदुरबार-धुळ्यात पारा ४२-४३ वर जातो. कागदावर खान्देशाची एककं जास्त भरतात. पण भुंगेऱ्याला त्याचा फायदा नाही, कारण दुपारच्या त्या चार तासांत उघड्यावरची अंडी सुकतात आणि लहान अळ्या मरतात. नुसत्या सरासरीवर विसंबलं की फसगत होते ती इथे.

जलपर्णीचा भुंगेरा: झाडातच घर

निओचेटिनाचा जीवनक्रम पाहिला की तापमानाचा फटका त्याला कुठे बसतो ते कळतं.

मादी जलपर्णीच्या देठात, सालीखाली अंडी घालते. अळी देठ पोखरत खाली गाभ्यापर्यंत जाते. मग पाण्याखालच्या मुळांवर कोष करते. मोठा भुंगेरा दिवसा गाभ्याच्या बेचक्यात दडून राहतो आणि रात्री पानं कुरतडतो. पानावर लहान चौकोनी ओरखडे दिसले की समजायचं, भुंगेरे आहेत.

म्हणजे अंडी आणि अळी झाडाच्या पाणीदार देठात, कोष पाण्यात. पाणी हवेइतकं पटकन तापत नाही, पटकन गारही होत नाही. म्हणून मे महिन्यातही, तलावात पुरेसं पाणी असेल तर, हा कीटक टिकून राहतो. पाणी आटून चिखल झाला, जलपर्णी काठावर वाळली, की तो संपला. खान्देशातल्या लहान तलावांत हा धोका मोठा आहे, कॉजवेमागे साठलेल्या तापीत तो कमी आहे.

अनुकूल हवेतही या भुंगेऱ्याला एक पिढी पुरी करायला अडीच ते चार महिने लागतात. जलपर्णी मात्र अनुकूल हवेत एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. त्यामुळे कीटक तिला एका हंगामात संपवणार नाही. तो पानं कुरतडून, देठ पोखरून तिचा जोर कमी करतो. फुलं कमी, नवे फुटवे कमी, झाड ठेंगणं. मग पोखरलेल्या देठात पाणी शिरून, सडून ती बुडते. यात दोन ते चार वर्षं जातात.

गाजर गवताचा भुंगा: झोपेचा प्रश्न

मेक्सिकन भुंग्याला पाण्याचा आडोसा नाही. अंडी पानावर, अळी पानावर, कोष मातीत. त्यामुळे हवेचं तापमान त्याला थेट लागतं. लखनौ विद्यापीठात हा भुंगा वेगवेगळ्या तापमानांत वाढवून पाहिला तेव्हा २७ अंशांच्या आसपास त्याची वाढ आणि जगण्याचं प्रमाण सर्वात चांगलं दिसलं. त्या हवेत अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण चार आठवडे पुरतात. आपल्याकडे २७-२८ अंश सरासरी म्हणजे जुलै ते सप्टेंबर.

त्याची दुसरी सवय महत्त्वाची आहे. हवा बदलली, दिवस लहान झाले, माती कोरडी पडली की बरेच भुंगे जमिनीत शिरून झोपतात. याला सुप्तावस्था म्हणतात. बंगळूरकडे नोव्हेंबर-डिसेंबरात मातीत गेलेले भुंगे पुढच्या पावसाच्या तोंडावर वर येतात.

इथेच खान्देशात गणित बिघडतं. पूर्वी गाजर गवतही पावसावर उगवायचं. आता कालवे, ठिबक, विहीर बागायत आहे. उकाईच्या कालव्यांवर सुरत जिल्ह्यात तर ऊस आणि भाजीपाला बारमाही आहे. ओल आहे तिथे गाजर गवत हिवाळ्यात आणि उन्हाळ्यातही उगवतं, फुलतं, बी टाकतं. एक झाड १० ते २५ हजार बिया देऊ शकतं. आणि तेव्हा भुंगा जमिनीत झोपलेला असतो. तण बाराही महिने जागं आणि पहारेकरी चार महिने जागा, अशी ही अवस्था.

यावर काम झालेलं आहे. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातल्या शास्त्रज्ञांनी तापमान बदलून झोपलेल्या भुंग्यांना लवकर जागं करण्याचे प्रयोग केले. हेतू हा की पावसाळा सुरू होतानाच, गवत कोवळं असताना, पुरेसे भुंगे हातात असावेत. कारण कोवळ्या झाडाचा शेंडा अळ्यांनी खाल्ला तर ते फुलत नाही. कमरेएवढं, फुललेलं झाड खाऊन त्या वर्षी फारसा फरक पडत नाही, बी तर पडून गेलेलं असतं.

थंडीचा फटका मार्चमध्ये दिसतो

हिवाळ्यात जलपर्णीही मंदावते, भुंगेरेही मंदावतात. मग बिघडतं कुठे? फेब्रुवारी-मार्चमध्ये. ऊब वाढली की जलपर्णी आधी जोर धरते, कारण तिला नवा फुटवा काढायला काही दिवस पुरतात. भुंगेऱ्याला मात्र अंडी, अळी, कोष अशी सगळी शिडी चढून यायची असते. तो अंतर कापेपर्यंत पाणी झाकलेलं असतं.

दक्षिण आफ्रिकेच्या उंच पठारी भागात हेच झालं. तिथे हिवाळ्यात दंव पडतं, भुंगेऱ्यांची संख्या घटते आणि वसंतात जलपर्णी पुढे निघून जाते. उलट विषुववृत्तावरच्या व्हिक्टोरिया सरोवरात वर्षभर ऊब असते. तिथे युगांडा आणि केनियाने १९९० च्या दशकात हेच भुंगेरे सोडले आणि दशक संपता संपता जलपर्णी मोठ्या प्रमाणावर ओसरली. कीटक एकच, हवामान वेगळं, निकाल वेगळा.

म्हणून आपल्याकडे जमणारच नाही, असं मात्र नाही. मध्य प्रदेशातल्या कटनी जिल्ह्यात एका तलावात 'साल्व्हिनिया' हे दुसरं पाणतण माजलं होतं. त्याचा भुंगेरा केरळच्या दमट, उबदार हवेत १९८० च्या दशकातच यशस्वी झाला होता. मध्य भारताच्या कडक उन्हाळ्यात आणि थंडीत तो टिकेल का, ही शंका होती. २०१९ च्या अखेरीस जबलपूरच्या संस्थेने तो तिथे सोडला आणि साधारण दीड वर्षात तलाव मोकळा झाला. कटनीचं हवामान आपल्या खान्देशापेक्षा फार सौम्य नाही. त्यामुळे हे उदाहरण आपल्यासाठी मोलाचं आहे.

पूर, मशीन आणि सांडपाणी

तापमान जुळलं तरी तीन गोष्टी सगळं धुऊन टाकतात.

पहिली, पूर. पावसाळ्यात उकाईतून पाणी सोडलं की तापीतली जलपर्णी समुद्राकडे वाहून जाते. तिच्यासोबत भुंगेरेही जातात. पाणी उतरल्यावर जलपर्णी बियांपासून आणि वरून आलेल्या तुकड्यांपासून पुन्हा सुरू होते. भुंगेऱ्यांना मात्र शून्यापासून सुरुवात.

दुसरी, मशीन. पिण्याच्या पाण्यासाठी जलपर्णी काढावीच लागते, त्याला इलाज नाही. पण एका दमात सगळी काढली की भुंगेऱ्यांचं घरही काठावर वाळतं. भुंगेरे असलेला एखादा पट्टा कडेला, बांबू किंवा दोर लावून अडवून ठेवला तर तिथून ते नव्या फुटव्यावर पसरू शकतात.

तिसरी, सांडपाणी. शहराचं मैलापाणी म्हणजे जलपर्णीला खताचा डोस. भुंगेऱ्यांनी खाल्लेलं पान ती आठवड्यात भरून काढते. सांडपाणी चालू ठेवून नुसत्या कीटकावर भिस्त ठेवणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं.

मग कधी सोडायचे?

जलपर्णी, सुरत आणि खालची तापी: पूर ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास. तेव्हा हवा उबदार असते, थंडी लागण्याआधी अंडी-अळ्या देठात शिरतात आणि फेब्रुवारीत जलपर्णी जोर धरते तेव्हा भुंगेरे आधीच हजर असतात.

जलपर्णी, खान्देशातले तलाव: जिथे पूर वाहून नेत नाही तिथे जुलैपासूनच. थंडीपूर्वी एक पिढी पुरी झाली पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत आणि पाणी आटत असताना मे महिन्यात सोडू नये.

गाजर गवत, दोन्हीकडे: पहिल्या पावसानंतर गवत हातभर व्हायच्या आत, जुलै ते ऑगस्ट. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या दिवसांत गाजर गवत जागृती सप्ताह असतो, त्या वेळी जबलपूरची संस्था आणि ठिकठिकाणची कृषी विज्ञान केंद्रं भुंग्यांबद्दल माहिती देतात. मात्र सप्ताहाची वाट पाहत गवत फुलू देऊ नका.

नेताना: छिद्रं पाडलेल्या डब्यात, त्याच तणाची ताजी पानं घालून. उन्हात उभ्या गाडीत डबा ठेवला तर तासाभरात सगळे मेलेले मिळतील. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी सोडा. चार ठिकाणी थोडे थोडे टाकण्यापेक्षा एका जागी दाट सोडा, म्हणजे नर-माद्या एकमेकांना सापडतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पिकावर जातील का?* जलपर्णीचे भुंगेरे जलपर्णीशिवाय तग धरत नाहीत. मेक्सिकन भुंग्याबद्दल १९९० च्या सुमारास कर्नाटकात सूर्यफूल खाल्ल्याच्या तक्रारी आल्या होत्या. त्यावर तपासणी झाली. सूर्यफुलाच्या पानांवर शेजारच्या गाजर गवताचे परागकण पडल्यामुळे भुंगे तिकडे ओढले जातात, असं कारण पुढे आलं. आपल्या भागात सूर्यफूल लावणाऱ्यांनी बांधावरचं गाजर गवत फुलण्याआधीच काढलेलं बरं.

*तणनाशक आणि भुंगेरे एकत्र चालतील का?* एकाच जागी, एकाच वेळी नाही. झाड मेलं की कीटक उपाशी. फवारणी करायचीच तर भुंगेरे असलेला भाग सोडून करा.

*एकदा सोडले की पुरे का?* गाजर गवतात भुंगे मातीत झोपून पुढच्या वर्षी परत येतात, पण तिथे नांगरट झाली नाही तर. वाहत्या नदीत मात्र पुरानंतर पुन्हा सोडण्याची तयारी हवी.

*काम होतंय हे कसं ओळखायचं?* महिन्यातून एकदा दहा पानं तपासा. ओरखडे वाढत असतील, झाडं ठेंगणी होत असतील, फुलं कमी होत असतील तर थांबा. पाणी अजून हिरवं दिसतंय म्हणून सगळं उपसून टाकू नका.

शेवटी

भुंगेऱ्याला आपलं टेंडर, आपली मार्चअखेर कळत नाही. त्याला पारा कळतो. मुलताईला उगम पावून खान्देशातून सुरतेला जाणारी तापी एकच आहे, आणि वरचं तण पाण्याबरोबर खाली जातंच. वर खान्देशात जुलैमध्ये आणि खाली सुरतेत ऑक्टोबरमध्ये, असं दोन्हीकडे हवामान पाहून काम झालं तरच कॉजवेवर दरवर्षी उभ्या राहणाऱ्या मशीनचा खर्च आणि आपल्या बांधावरची खाज, दोन्ही कमी होतील. सोडण्याआधी आपल्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात विचारा आणि मागच्या दोन वर्षांचं तापमान बघून घ्या. पुढे दोन-तीन वर्षं थांबण्याची तयारी मात्र आपल्यालाच ठेवावी लागेल.